नवा पिकअप घ्यायचा आहे : दूधसंकलन आणि पुण्याची फेरी या दोन्हींना टिकणारे इंजिन कोणते?

प्रश्न : खवाभट्टी, भूम

नमस्कार मंडळी. आमचे कुटुंब धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात खव्याची भट्टी चालवते. सध्याचा पिकअप बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या काळातला आहे. त्याचे इंजिन अजून एका चावीत सुरू होते, परंतु चेसिस आणि हौदा इतके गंजले आहेत की आता त्यावर पैसा घालण्यात अर्थ नाही. नवी गाडी घेण्याचे घरात ठरले आहे. कोणती गाडी घ्यावी यापेक्षा कोणते इंजिन घ्यावे याचीच आम्हाला अधिक चिंता आहे, कारण दूध कोणासाठी थांबत नाही. सकाळी गाडी बंद पडली तर वस्त्यांवर कॅन तसेच राहतात, उन्हाळ्यात बघता बघता दूध नासते आणि ज्यांनी आमच्या भरवशावर म्हशी सांभाळल्या त्यांचे नुकसान होते.

गाडीचे काम असे आहे. रोज सकाळ-संध्याकाळ वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करायचे. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायचे, कॅन चढवायचे आणि पुढे निघायचे. ४० लिटरचे कॅन भरले की एकूण वजन एक टनाच्या आसपास जाते. त्याशिवाय आठवड्यातून एक-दोन वेळा बार्शी-टेंभुर्णीमार्गे पुण्याला खवा पोहोचवावा लागतो, आणि हंगामात सोयाबीनचे कट्टे बार्शीच्या बाजारात किंवा लातूरच्या मोंढ्यात न्यावे लागतात. तेव्हा भार दीड टनापर्यंत जातो. रस्ते बालाघाटाच्या चढ-उतारांचे आहेत आणि वस्त्यांकडचे बरेचसे कच्चे आहेत.

आतापर्यंत आम्ही महिंद्राचा बोलेरो पिकअप, टाटाचे योद्धा आणि इंट्रा व्ही५०, तसेच अशोक लेलँडचा बडा दोस्त पाहिले. सासरे म्हणतात की इंजिन जितके मोठे तितके ते जास्त टिकते. दीर म्हणतात की नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ नावाचा भाग तुंबतो आणि गाडी ओढेनाशी होते, म्हणून डिझेलच घेऊ नये. या दोन्ही म्हणण्यांत किती तथ्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : गॅरेजवाला, कळंब

ताई, आपण काम नीट उलगडून सांगितले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बहुतेक लोक फक्त "चांगली गाडी कोणती" एवढेच विचारतात.

गॅरेजमध्ये जे दिसते ते सांगतो. बीएस-६ या नव्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांची क्रँक, बेअरिंग किंवा पिस्टन गेले म्हणून गाडी आली, असे फार क्वचित घडते. बिघाड होतो तो इंजिनाच्या अवतीभवती. इंजेक्टर खराब होतात, थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने जाम होतो, टर्बोचा पाइप फाटतो, एखादा सेन्सर चुकीची माहिती देऊ लागतो किंवा उंदीर वायरिंग कुरतडतात. शेवटचे कारण हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडे गाडी बहुधा धान्याच्या कोठीशेजारी किंवा गोठ्याजवळ उभी असते, आणि नव्या इंजिनाचा सगळा कारभार त्या वायरिंगवर चालतो.

आपल्या भागात इंजिनाचे सर्वांत जास्त नुकसान पाणी आणि डिझेल या दोन गोष्टी करतात. बोअरचे पाणी जड असते. ते रेडिएटरमध्ये ओतले की आत क्षार धरतात, नळ्या अरुंद होतात, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला असताना भरलेली गाडी चढावर गरम होऊन हेड गॅस्केट जाते. कंपनीने सांगितलेले तयार कूलंट सोडून दुसरे काहीही टाकू नका आणि वाटेत टाकण्यासाठी एक कॅन गाडीत ठेवा. सोयाबीनच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीवर भुसा बसतो. तो बाहेरून फुंकून काढावा लागतो.

डिझेलच्या बाबतीत सांगायचे तर कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या नव्या इंजिनात, डिझेल हजार बारच्याही बऱ्याच वर दाबाने इंजेक्टरच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून जाते. जुन्या पंपाचे इंजिन थोडे पाणी, थोडा कचरा सहन करत असे. हे करत नाही. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेले डिझेल पिकअपमध्ये ओतणे आजपासून बंद करा. डिझेल फिल्टरखाली पाणी सोडण्याची सोय असते, ती पावसाळ्यात नियमित वापरा.

आता इंजिनाविषयी. माझी पसंती बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसी इंजिनाला आहे. त्याची घडण जुनी आणि सर्वांच्या हाताखालची आहे, सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि जवळपास प्रत्येक मिस्त्रीने ते कधी ना कधी खोललेले असते. रात्री गाडी अडली तर सकाळच्या दुधाआधी ती उभी करणारा माणूस जवळ असणे, यालाच मी भरवसा म्हणतो. आपल्या सासऱ्यांचे म्हणणे मला पटते.

उत्तर : वाहन अभियांत्रिकीचा शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

वरील उत्तरातील पाणी आणि डिझेलविषयीचा प्रत्येक शब्द खरा आहे. इंजिनाच्या आकाराविषयी मात्र थोडे वेगळे सांगावेसे वाटते, आणि दिरांनी उपस्थित केलेल्या डीपीएफच्या मुद्द्यावर सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण आपल्या कामाचा खरा पेच तिथेच आहे.

आधी आकार. बोलेरो पिकअपचे इंजिन २५२३ सीसीचे असून जास्त भाराच्या प्रकारात ते सुमारे ८० अश्वशक्ती देते. इंट्रा व्ही५० चे इंजिन १४९६ सीसीचे आहे आणि बडा दोस्तचे तीन सिलिंडरचे इंजिन १४७८ सीसीचे. ही दोन्हीही सुमारे ८० अश्वशक्तीच देतात. म्हणजे पहिल्या इंजिनाला दर लिटरमागे ३२ च्या आसपास अश्वशक्ती द्यावी लागते, तर उरलेल्या दोघांना ५३-५४. योद्धाचे २१७९ सीसीचे इंजिन १०० अश्वशक्ती देते, म्हणजे लिटरमागे साधारण ४६. मोठे इंजिन तेवढ्याच कामासाठी कमी ताण सोसते, आणि रोज पूर्ण भाराने चढ चढणाऱ्या गाडीला त्याचा फायदा मिळतो. सासऱ्यांच्या म्हणण्याला एवढा आधार नक्कीच आहे. परंतु लहान इंजिन आरेखन करतानाच त्या दाबासाठी केलेले असते, ते कमी डिझेल पिते, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात बदलायला इंजेक्टरही तीनच असतात. केवळ सीसी पाहून निर्णय घेऊ नये. भरलेल्या गाडीसाठी अश्वशक्तीपेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) मिळणारी ओढ, अधिक महत्त्वाची असते. योद्धाची ओढ २५० न्यूटन मीटर आहे, बोलेरोच्या वरच्या प्रकाराची आणि व्ही५० ची २२०, तर बडा दोस्तची १९०. आपल्या दीड टनासाठी ही चारही इंजिने पुरेशी आहेत; चढावर गिअर किती वेळा उतरवावा लागतो एवढाच फरक जाणवेल.

आता डीपीएफ. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला, ज्यात प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना होणारे प्रदूषणही तपासले जाते. त्यामुळे नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. तिलाच डीपीएफ म्हणतात. अडवलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. गाडी महामार्गावर भाराने सलग चालत असेल तर निघणारा धूर पुरेसा गरम असतो आणि बरीचशी काजळी आपोआप जळते. तसे झाले नाही तर गाडीतला संगणक स्वतः जास्तीचे डिझेल सोडून जाळीचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो. या क्रियेला रीजनरेशन म्हणतात आणि ती पूर्ण व्हायला गाडी काही काळ न थांबता चालावी लागते.

ताई, आपल्या दूधफेरीत नेमके हेच घडत नाही. दोन किलोमीटर चालायचे, थांबायचे, पुन्हा निघायचे. सायलेन्सर तापत नाही, काजळी साचत जाते, संगणक रीजनरेशन सुरू करतो आणि पुढच्या वस्तीवर चालक चावी फिरवून ते अर्ध्यावर तोडतो. असे वारंवार झाले की गाडी ओढ कमी करते आणि शेवटी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. याहून गंभीर गोष्ट अशी की बऱ्याच इंजिनांत रीजनरेशनसाठी डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा सोडले जाते. ते न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते आणि बेअरिंग झिजू लागतात. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये; ऑइल ताबडतोब बदलावे.

म्हणून दिरांची शंका रास्त आहे, पण त्यांचा निष्कर्ष घाईचा आहे. आपली गाडी आठवड्यातून एक-दोन वेळा पुण्याला जाते, आणि एवढ्या लांबच्या सलग फेरीत जाळी चांगली साफ होऊ शकते. मधल्या दिवसांत भट्टीवर परतताना, डीपीएफचा दिवा लागलेला असेल तर, मोठ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने आणि इंजिनाच्या थोड्या चढ्या फेऱ्यांवर गाडी चालवावी व तेवढा वेळ ती बंद करू नये. वस्तीवर कॅन चढवताना इंजिन बराच वेळ नुसते चालू ठेवणेही घातक आहे, कारण त्यात काजळी सर्वाधिक धरते. जी गाडी फक्त गावातल्या गावात फिरणार आहे तिच्यासाठी मी डिझेल सुचवले नसते.

इंजिन ऑइलबद्दलही सांगितले पाहिजे. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही. ती जाळीत कायमची बसते. त्यामुळे जुन्या गाडीचे उरलेले ऑइल किंवा दुकानात "हेही चालते" म्हणून मिळणारे ऑइल टाकू नये. पुस्तिकेत जी प्रत लिहिली असेल, उदाहरणार्थ सीके-४, तीच घ्यावी.

उत्तर : ट्रान्सपोर्ट, अंबड

आमच्या पिकअप गाड्या जालना जिल्ह्यातून नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजारात मोसंबी नेतात. त्यामुळे डीपीएफचा त्रास आम्हाला जवळजवळ नाही. शिक्षक सरांचे म्हणणे आमच्या अनुभवाशी जुळते. गावात फिरणारी एकच गाडी आहे आणि दिवा लागतो तो तिचाच.

ताई, आपल्या यादीत नसलेला एक पर्याय सुचवतो. फक्त दूधफेरीसाठी विचार केला तर इंट्रा व्ही२० सारखी पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी गाडी आहे, एक टन पासिंगची. तशा साध्या इंजिनाला डीपीएफ लागत नाही, इंजेक्टरचा दाब कमी असतो आणि ते थांबत-थांबत चालण्याला कुरकुर करत नाही. अडचणीही आहेत. सीएनजीवर ओढ कमी पडते, टाक्यांची ठरावीक मुदतीने चाचणी करून घ्यावी लागते, पंप आपल्या रोजच्या वाटेवर नसेल तर सगळा फायदा पेट्रोलमध्ये जातो, आणि दीड टन सोयाबीन तिच्यावर नेता येणार नाही. पासिंगपेक्षा जास्त भरून नेऊ, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. दंड नसता तरीही मी तेच सांगितले असते, कारण जादा भाराने चढ चढणारे लहान इंजिन आणि त्याची क्लच प्लेट फार काळ टिकत नाहीत.

प्रश्नकर्त्या : खवाभट्टी, भूम

सर्वांचे मनापासून आभार. सीएनजीचा पंप आमच्या दूधफेरीच्या वाटेवर नाही आणि दोन गाड्या घेण्याची ऐपत सध्या नाही, त्यामुळे डिझेलच घ्यावे लागेल असे दिसते. शिक्षक सरांनी सांगितलेली गोष्ट दिरांना वाचून दाखवली. आमच्याकडे चालक प्रत्येक वस्तीवर गाडी बंद करतो, आणि परत येतानाही मधल्या रस्त्याने येतो. ते बदलता येईल.

आणखी दोन शंका आहेत. काही गाड्यांत युरियाचे पाणी टाकावे लागते असे शोरूममध्ये सांगितले. आमच्याकडे शेतीचा युरिया असतोच, तो पाण्यात विरघळवून चालेल का, असे सासऱ्यांनी विचारले आहे. दुसरी शंका अशी की एका ओळखीच्या माणसाने डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला दिला, म्हणजे कटकटच मिटेल असे त्याचे म्हणणे आहे. ते कितपत योग्य आहे?

उत्तर : वाहन अभियांत्रिकीचा शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

शेतीचा युरिया कदापि टाकू नये. गाडीसाठीचे द्रव, ज्याला डीईएफ म्हणतात, अतिशुद्ध युरियाचे ३२.५ टक्के द्रावण असते आणि ते क्षार काढलेल्या पाण्यात बनवलेले असते. शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले आहे. ते तेल, इतर अशुद्धी आणि आपल्या बोअरमधील क्षार मिळून त्या यंत्रणेचा पंप, फवारा आणि उत्प्रेरक खराब करतात, आणि ती दुरुस्ती फार महाग पडते. सीलबंद डबाच घ्यावा व तो उन्हात ठेवू नये. सगळ्याच गाड्यांना हे द्रव लागते असे नाही. काही इंजिने दुसऱ्या पद्धतीने नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करतात. आपण ज्या प्रकाराची चौकशी करत आहात त्याला वेगळी टाकी आहे का, हे शोरूममध्ये गाडी प्रत्यक्ष दाखवायला सांगून पाहावे. तिचे झाकण बहुधा निळे असते. टाकी असेल तर ती रिकामी होऊ देऊ नये, कारण त्यानंतर गाडी जाणीवपूर्वक शक्ती कमी करते किंवा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही.

उत्तर : गॅरेजवाला, कळंब

डीपीएफ काढण्याबद्दल मी सांगतो, कारण ही मागणी घेऊन माणसे आमच्याकडेच येतात. ते काम बेकायदा आहे आणि आम्ही ते करत नाही. जाळी काढली की वॉरंटी जाते, फिटनेसच्या वेळी अडचण येते, आणि संगणकाला फसवण्यासाठी जे सॉफ्टवेअर घातले जाते त्यात डिझेलचे प्रमाण बिघडून टर्बो आणि पिस्टनवर ताण येतो. शिवाय तो काळा धूर रोज पहाटे ज्या वस्त्यांवर गाडी उभी राहणार, तिथल्याच लेकरांच्या छातीत जाणार.

शिक्षक सरांचे वाचून एक भर घालतो. आपल्या कामाला दर आठवड्याची पुण्याची फेरी आहे, म्हणून माझे मत अजूनही मोठ्या इंजिनाकडेच आहे. परंतु त्या गाडीचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून बिघाड वाचणारे यंत्र, बार्शीत किंवा भूममध्ये कोणाकडे आहे, हे आधी विचारून घ्या. नुसती खोलजोड करणारा मिस्त्री आता पुरेसा नाही. सक्तीचे रीजनरेशन स्कॅनर जोडल्याशिवाय करता येत नाही, आणि ते करायला गाडी धाराशिव किंवा सोलापूरला न्यावी लागली तर तो दिवस गेला. ज्या कंपनीचा स्कॅनर आपल्या सर्वांत जवळ असेल, तिचे इंजिन इतरांपेक्षा थोडे कमी आवडले तरी मी तेच घेईन.

उत्तर : ट्रान्सपोर्ट, अंबड

गाडी ठरवण्याआधी चाचणी रिकाम्या गाडीची घेऊ नका. शोरूमला सांगून हौद्यात एक टन माल भरा आणि आपल्याच रोजच्या चढावर, दुपारच्या उन्हात, आपल्याच चालकाच्या हाती गाडी द्या. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती कमी फेऱ्यांवर ओढते की रेटा द्यावा लागतो, तापमानाचा काटा कुठे जातो आणि चढाच्या मध्यावर थांबवून पुन्हा उचलताना क्लच जळल्याचा वास येतो का, एवढे पाहा. आम्ही योद्धा आणि बोलेरो दोन्ही असेच पाहिले होते. आमच्या लांबच्या भाराच्या कामासाठी योद्धाची ओढ आम्हाला उजवी वाटली, पण आमच्याकडे तिचे सर्व्हिस सेंटर जवळ आहे, हेही त्यामागचे एक कारण होते.

वॉरंटीच्या कागदावर डीपीएफ, इंजेक्टर आणि टर्बो यांचा वेगळा उल्लेख आहे का, आणि त्यांची मुदत इंजिनाइतकीच आहे की कमी, हे सही करण्याआधी वाचून घ्या. इंजिनाच्या टायमिंगला (व्हॉल्व्ह वेळेवर उघडण्यासाठी) बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला बदलायचा, हेही त्याच वेळी लिहून घ्या.

प्रश्नकर्त्या : खवाभट्टी, भूम

दादा, भरलेल्या कॅनसह चाचणी द्यायला एक शोरूम तयार झाले आहे. दुसऱ्याकडे उद्या विचारणार आहोत. बार्शीत कोणाकडे कोणता स्कॅनर आहे याची चौकशी दिरांनी सुरू केली आहे. बोलेरो आणि योद्धा या दोन्हींची चाचणी झाली की चढावरचा अनुभव आणि वॉरंटीच्या कागदातील मुदती इथेच लिहीन, म्हणजे आमच्याप्रमाणे दुधाचे काम करणाऱ्या इतरांनाही त्या पाहता येतील.